लिनक्सवरील चित्रण-आज्ञावल्या : आरंभदोष व त्यांच्या निवारणाचा इतिहास

लिनक्स या परिचालन प्रणालीवर चित्रे काढणे, छायाचित्रांवर संस्कार करणे, अक्षरे व आकृत्या यांची पानावर मांडणी करणे किंवा त्रिमितीय दृश्ये घडविणे यांसाठी ज्या आज्ञावल्या वापरतात, त्यांस चित्रण-आज्ञावल्या म्हणता येईल. गिंप, इंकस्केप, क्रिटा, स्क्रायबस व ब्लेंडर या त्यांपैकी प्रमुख होत. सुरू करण्याचा आदेश दिला असता अशी आज्ञावली सुरूच न होणे, क्षणभर दिसून नाहीशी होणे किंवा आरंभचित्रापाशीच अडून राहणे, यास प्रस्तुत लेखात आरंभदोष म्हटले आहे. या दोषाचे वैशिष्ट्य असे, की ज्या आज्ञावलीत तो दिसतो तिच्यात तो बहुधा नसतो.

याचे कारण रचनेत आहे. चित्रण-आज्ञावली एकटी कधीच चालत नाही. तळाशी प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल असतो व त्यात संगणकाच्या चित्रण-उपकरणाशी व्यवहार करणारा ड्रायव्हर असतो. त्यावर दृश्यपटलाची निरनिराळ्या आज्ञावल्यांत वाटणी करणारा दृश्यसेवक असतो. त्याच्याही वर खिडक्या व याद्या रेखाटणारे, अक्षरे जुळविणारे आणि चित्रफाइली वाचणारे असे आज्ञांचे सामायिक संच असतात. त्यांस व्यवहारात लायब्ररी म्हणतात. सर्वांत वर प्रत्यक्ष आज्ञावली येते. विंडोज किंवा मॅक या प्रणालींत यांपैकी बहुतेक थर एकाच कंपनीच्या ताब्यात असतात. लिनक्सवर ते निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या गटांनी रचले आणि प्रत्येक गटाने आपापल्या सोयीने ते बदलले. त्यामुळे आरंभदोषांचा इतिहास हा वस्तुतः कोणत्या काळी कोणता थर हलला, याचा इतिहास आहे.

दृश्यपटलाचा काळ : लिनक्सच्या चित्रणाचा पाया लिनक्सहून जुना आहे. एक्स विंडो ही प्रणाली अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ मध्ये आकारास आली. बॉब शाइफलर व जिम गेटीस हे तिचे प्रमुख रचनाकार होत. तिची अकरावी पिढी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली व तिचेच संस्कारित रूप अद्याप वापरात आहे. आज्ञावली एका संगणकावर चालावी व तिचे चित्र दुसऱ्या संगणकाच्या पटलावर उमटावे, अशी सोय तिच्यात प्रथमपासून होती. ती करताना प्रत्येक आज्ञावलीस दृश्यसेवकाचा पत्ता ठाऊक असणे आणि त्याच्याकडे प्रवेशाची परवानगी असणे आवश्यक ठरले. पत्ता चुकला किंवा परवानगी नसली, की ‘दृश्यपटल उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन आज्ञावली थांबते. हा संदेश चार दशके टिकून आहे आणि त्याचा अर्थ दृश्यपटल बिघडला असा लावण्याची चूकही तितकीच टिकून आहे.

फिनलंडमधील हेल्सिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. लवकरच एक्सफ्री८६ या प्रकल्पाने एक्स विंडो प्रणाली सामान्य वैयक्तिक संगणकांवर आणली. त्या काळी आरंभदोष आज्ञावलीपर्यंत पोचतच नसे, तो दृश्यसेवकातच होई. दृश्यपटल ऋण किरण नलिकेचे होते. त्यांच्या आडव्या व उभ्या वारंवारतांच्या मर्यादा वापरकर्त्याने स्वतः पुस्तिकेतून शोधून एका विन्यास-फाइलीत, म्हणजे जुळणीच्या नोंदींच्या फाइलीत, लिहाव्या लागत. आकडे चुकले, तर काळा पटल दिसे किंवा वेड्यावाकड्या रेघा उमटत. मर्यादेबाहेरील वारंवारता दिल्यास दृश्यपटलास कायमची इजा होऊ शकते, असा इशारा तत्कालीन मार्गदर्शिकांत ठळकपणे दिलेला असे. परवान्याच्या अटींवरून मतभेद होऊन २००४ मध्ये एक्सफ्री८६ मागे पडला आणि त्याची जागा एक्स.ऑर्ग या प्रतिष्ठानाने घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांत दृश्यपटल स्वतःच आपल्या मर्यादा संगणकास कळवू लागला व विन्यास-फाइलीची गरज जवळजवळ संपली. या बदलाने जितके आरंभदोष नाहीसे झाले, तितके दुसऱ्या कोणत्याही एका बदलाने क्वचितच झाले असतील.

लायब्ररींचा काळ : गिंप ही आज्ञावली स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहावयास घेतली व १९९६ मध्ये ती लोकांपुढे आली. तिच्या खिडक्या व कळी मोटिफ या लायब्ररीवर आधारलेल्या होत्या. मोटिफ विकत घ्यावी लागे आणि बहुसंख्य लिनक्स वापरकर्त्यांकडे ती नव्हती. म्हणजे आज्ञावली विनामूल्य, पण ती ज्या पायावर उभी राहावयाची तो पाया विकतचा, असा पेच निर्माण झाला. लेखकद्वयाने मोटिफ टाकून स्वतःची जीटीके ही लायब्ररी रचली. गिंपची पहिली पूर्ण आवृत्ती १९९८ मध्ये निघाली, ती या लायब्ररीवर. पुढे जीटीकेचे महत्त्व गिंपपेक्षाही वाढले व अनेक आज्ञावल्या तिच्यावर उभ्या राहिल्या. सोडिपोडी या आज्ञावलीपासून २००३ मध्ये फुटून निघालेली इंकस्केप ही त्यांपैकीच एक.

याच दशकात तळातही मोठे फेरफार झाले. चालविण्यायोग्य फाइलींचा जुना साचा १९९५ च्या सुमारास टाकून नवा स्वीकारण्यात आला, तर १९९७-९८ मध्ये सर्व आज्ञावल्यांच्या मुळाशी असणारी सी भाषेची लायब्ररी बदलली. जुन्या लायब्ररीसाठी घडविलेली आज्ञावली नव्या प्रणालीवर निमूटपणे पडून राही. अमुक नावाची लायब्ररी सापडत नाही, हा संदेश या काळातील. तो मात्र प्रामाणिक असतो. काय हवे आहे, ते तो नाव घेऊन सांगतो. आज्ञावलीस लागणाऱ्या सर्व लायब्ररींची यादी करून त्यांपैकी कोणत्या जागेवर नाहीत हे दाखविणारे एक लहान साधन प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते. शोधाची सुरुवात तेथून करणे सोयीचे. डेबियन, रेड हॅट यांसारख्या वितरणांनी पुढे परस्परावलंबी आज्ञावल्या एकत्र बसविणारी साधने प्रचारात आणली, तेव्हा हा दोष पुष्कळ घटला. वितरणाबाहेरून आज्ञावली आणून बसविणाऱ्यांच्या वाट्यास तो अजूनही येतो.

लिपीचा थर : मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने या रचनेत आणखी एक थर मोजावा लागतो. देवनागरीत वर्णांचा क्रम व दिसणारी आकृती एक नसतात. ऱ्हस्व इकार उच्चारात नंतर येतो, पण उमटतो आधी. रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. जोडाक्षरे तर निराळ्याच आकृत्या धारण करतात. हे काम करणारा भाग आरंभीच्या लिनक्समध्ये नव्हता. भारतीय लिपींसाठी इस्की ही संकेतप्रणाली ठरली व तिचे मानक १९९१ मध्ये निघाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. संकेत ठरला, तरी आकृती जुळविणारे यंत्र हवेच होते. मुंबई येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र या संस्थेने इंडिक्स प्रकल्पात ही जुळणी थेट एक्स दृश्यसेवकाच्या पातळीवर करून पाहिली. ही संस्था पुढे प्रगत संगणन विकास केंद्रात विलीन झाली. एकदा सेवकास लिपी कळली, की वरच्या सर्व आज्ञावल्यांस ती आपोआप कळेल, हा त्यामागील विचार आकर्षक होता. तथापि लिनक्स जगताने निराळा मार्ग धरला. अक्षरजुळणी पँगो व पुढे हार्फबझ या लायब्ररींकडे गेली आणि २००२ मध्ये निघालेल्या जीटीकेच्या दुसऱ्या पिढीपासून खिडक्यांतील मजकुरास पँगो अनिवार्य झाली. दृश्यसेवक दुबळा व लायब्ररी समर्थ, ही पुढच्या काळाची दिशा पाहता इंडिक्सचा मार्ग टिकणे अवघडच होते. परंतु प्रश्न नेमका कोणत्या थरावर सोडवावयाचा, याचा विचार करणारा तो पहिल्या भारतीय प्रयत्नांपैकी एक होय. याच संस्थेत सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रघु ही अक्षरमालिका घडविली. विंडोजबरोबर येणारा मंगल हा फॉन्टही त्यांचाच. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित ही फॉन्टमालिका मुक्त परवान्याने दिली आणि लिनक्सवर शुद्ध मराठी दिसण्याची निश्चिती झाली.

छपाईच्या धंद्यातील अडचण मात्र यामुळे सुटली नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टांवर होत असे, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, वार्षिक अहवाल यांचा वर्षानुवर्षांचा साठा याच फॉन्टांत असल्याने लिनक्सकडे वळणारा व्यावसायिक ते शेकड्यांनी बरोबर घेऊन येतो. त्यांतील अनेक फाइली हातोहात नकलून आलेल्या असतात आणि त्यांची अंतर्गत रचना नेहमी धड असतेच असे नाही. फॉन्ट वाचणे ही चित्रण-आज्ञावलीच्या आरंभक्रमातील एक पायरी असल्यामुळे येथे लिपीचा प्रश्न आरंभदोषाच्या प्रश्नास येऊन मिळतो.

कुंडल येथील उदाहरण : सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव प्रतिसरकारच्या चळवळीमुळे सर्वपरिचित आहे. यंत्रविद्या व छपाई या दोहोंचाही त्या परिसराशी जुना संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये आपला नांगरांचा कारखाना औंध संस्थानातील कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळच्या माळावर आणला व तेथे किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघाले आणि १९३० मध्ये स्त्री व १९३४ मध्ये मनोहर ही मासिके त्यास येऊन मिळाली. त्यांचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. या कारखान्याच्या व मासिकांच्या आठवणी सांगणारी माणसे त्या भागात अजून भेटतात.

कुंडल येथील एका लहान छापखान्यात लगीनसराईच्या ऐन दिवसांत घडलेला एक प्रकार प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आला. एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवून गिंप व इंकस्केप यांवर पत्रिकांचे काम चाले. काम चालू असता वीज गेली. ती परतल्यावर गिंपचे आरंभचित्र दिसे आणि फॉन्ट शोधण्याच्या टप्प्यावर तासन्तास अडून राही. इंकस्केपही सुरू होईना. मालकाने आधी दोन उपाय केले होते. पहिला, आज्ञावली काढून पुन्हा बसविणे. त्याने काहीच फरक पडला नाही. दुसरा, सर्वाधिकारी खात्यातून ती चालविणे. या दुसऱ्या उपायाने नवीनच दोष उत्पन्न झाला. सर्वाधिकारी खात्याने मालकाच्या खात्यातील काही फाइली आपल्या नावे करून ठेवल्या व त्या त्याच्या नेहमीच्या खात्यास लिहिता येईनात. आता एका दोषाचे दोन झाले होते. एका जाणत्याने संपूर्ण प्रणाली पुसून नव्याने बसविण्याचा सल्ला दिला होता. त्या संगणकावर त्या महिन्यातील पंधराएक पत्रिका होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

या प्रसंगी उपयोगी पडला तो शोधाचा क्रम. प्रथम पत्रिकांच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या. मग आज्ञावली चित्रावर बोट ठेवून न चालविता टर्मिनलमधून चालविली, कारण चित्रावरून चालविल्यास तिचे बोलणे ऐकूच येत नाही. नंतर त्याच संगणकावर एक नवे खाते उघडून त्यातून गिंप सुरू केले. ते सुरळीत सुरू झाले. या एकाच कसोटीने गाभा, ड्रायव्हर, दृश्यसेवक, लायब्ररी व स्वतः आज्ञावली हे सर्व थर निर्दोष ठरले आणि दोष जुन्या खात्यात आहे, हे निश्चित झाले. प्रणाली पुन्हा बसविली असती आणि खाते जसेच्या तसे परत आणले असते, तर दोषही त्याबरोबर परतला असता. प्रथम सर्वाधिकारी खात्याच्या नावे झालेल्या फाइली मूळ मालकाच्या नावे केल्या. मग आज्ञावलीच्या विन्यासाचा दडलेला फोल्डर पुसून न टाकता नाव बदलून बाजूस ठेवला. तरीही आरंभचित्र अडून राहिले. शेवटी खात्यातील सुमारे चारशे फॉन्टांपैकी निम्मे बाहेर काढले, राहिलेल्यांवर चाचणी घेतली, दोषी निम्म्यांचे पुन्हा निम्मे केले. अशा नऊ खेपांत एक फाइल हाती लागली. ती वीज गेली तेव्हा नकलली जात होती व अर्धवट राहिली होती. ती काढून फॉन्टांची साठवलेली सूची नव्याने घडविल्यावर दोन्ही आज्ञावल्या सुरू झाल्या. विन्यासाचा जुना फोल्डर परत जागी ठेवला आणि मालकाचे रंग व कुंचले त्यास जसेच्या तसे मिळाले.

सर्व आरंभदोष या रीतीने सापडतात असे नाही. नव्या खात्यातही आज्ञावली सुरू झाली नाही, तर दोष खालच्या थरात आहे इतके कळते व तेथून निराळी वाट धरावी लागते. मात्र तबकडी पूर्ण भरली आहे काय, हे आधी पाहावे. जागा नसल्यास आज्ञावलीस तात्पुरत्या फाइली लिहिता येत नाहीत आणि ती काही न बोलता बंद पडते. इतके साधे कारण शेवटी सापडण्याचे प्रसंग फार.

चित्रण-उपकरणाचा काळ : त्रिमितीय चित्रणाने दोषांचे केंद्र पुन्हा ड्रायव्हरकडे नेले. ओपनजीएल या चित्रण-मानकाची मुक्त अंमलबजावणी करणारी मेसा ही लायब्ररी ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केली. ब्लेंडरचा इतिहास याच संदर्भात पाहण्याजोगा आहे. नेदर्लंड्समधील टॉन रोझेंडाल यांची कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा ब्लेंडरची मूळ संहिता मुक्त करण्यासाठी एक लक्ष यूरोंची वर्गणी मागण्यात आली व ती सात आठवड्यांत जमली. अशी लोकवर्गणीने सुटलेली ही आज्ञावली पुढे वाढत गेली व तिच्या अपेक्षाही वाढल्या. २०१९ च्या २.८० या आवृत्तीस ओपनजीएल ३.३ लागू लागले, तर २०२३ च्या ४.० या आवृत्तीस ४.३. त्यामुळे जुन्या संगणकावर काल चालणारी आज्ञावली आज नवी आवृत्ती घेताच सुरू होत नाही. हा दोष नव्हे, मर्यादा आहे. जुनी आवृत्ती ठेवणे हाच त्यावरील उपाय. चित्रण-उपकरणास वगळून सर्व गणित मुख्य प्रक्रियकाकडून करवून घेण्याची सोय मेसात आहे. तिने काम फार संथ होते, पण अशा रीतीने आज्ञावली सुरू झाली, तर दोष ड्रायव्हरचाच असल्याचे बव्हंशी सिद्ध होते.

एनव्हिडिया कंपनीच्या उपकरणांनी लिनक्स वापरकर्त्यांस विशेष छळले आहे. कंपनीचा ड्रायव्हर बंदिस्त होता आणि स्वयंसेवकांनी उपकरणाचे निरीक्षण करून रचलेला नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर वेगात मागे पडे. कंपनीचा ड्रायव्हर गाभ्याच्या प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने जुळवावा लागतो. गाभा बदलला व जुळणी फसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिमितीय आज्ञावल्या सुरू होत नाहीत. वापरकर्त्याने स्वतः काहीच केलेले नसते. संगणक सुरू होताना आज्ञावल्यांच्या स्वाक्षऱ्या तपासणारी सुरक्षा-व्यवस्थाही असा ड्रायव्हर अडवू शकते. कंपनीने गाभ्यात बसणारा आपला भाग २०२२ मध्ये मुक्त केला. त्याने परिस्थिती सुधारली, पण फक्त नव्या पिढीच्या उपकरणांपुरती.

वेलँड व बंद पेट्या : एक्सच्या जागी येऊ पाहणारी वेलँड ही रचना क्रिस्टियन होग्सबेर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केली. फेडोरा या वितरणाने २०१६ मध्ये ती आपल्या मुख्य आवृत्तीत प्रथमपसंतीची केली. जुन्या आज्ञावल्यांसाठी तीत एक दुभाषी ठेवलेला आहे. एका आज्ञावलीस दुसरीच्या खिडकीत डोकावता येऊ नये, हे वेलँडचे तत्त्व असल्याने पटलाचे छायाचित्र घेणाऱ्या किंवा रंग उचलणाऱ्या जुन्या साधनांवर प्रथम संकट आले. सर्वाधिकारी खात्यातून चित्रण-आज्ञावली चालविण्याची वाईट सवयही वेलँडमध्ये बहुधा दृश्यपटल न उघडल्याच्या संदेशावर अडते. ही अडचण इष्टच म्हटली पाहिजे.

लायब्ररींच्या भांडणावर उपाय म्हणून आज्ञावली व तिच्या सर्व गरजा एकाच पेटीत बांधून देण्याची पद्धत आली. ॲपइमेज, फ्लॅटपॅक व स्नॅप हे तिचे तीन प्रकार. त्यांमुळे एक दोष गेला व दुसरा आला. पेटी उघडण्यासाठी प्रणालीत जे साधन हवे, तेच नसले, तर पेटी उघडत नाही. उबुंटूच्या २२.०४ या २०२२ मधील आवृत्तीत जुन्या ॲपइमेज पेट्यांस लागणारी फ्यूज ही लायब्ररी आपोआप बसत नव्हती. परिणामी त्या पेट्यांतील आज्ञावल्या एकाएकी सुरू होईनाशा झाल्या. फ्लॅटपॅक व स्नॅप यांत आज्ञावलीस खात्यातील कोणत्या फाइली दिसाव्यात, यावर निर्बंध असतात. त्यामुळे आज्ञावली सुरू होते, पण बाहेरच्या तबकडीवरील चित्र तिला दिसत नाही व वापरकर्त्यास ते हरवले असे वाटते.

गिंपची तिसरी पिढी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी पिढी २००४ मधील, म्हणजे मध्ये एकवीस वर्षे गेली. नव्या पिढीत जीटीकेची तिसरी आवृत्ती व पायथन भाषेचे तिसरे रूप स्वीकारण्यात आले. पायथनच्या जुन्या रूपात लिहिलेली जोड-साधने तिच्यात चालत नाहीत. ती जुन्याच आवृत्तीत वापरावी लागतात किंवा नव्याने लिहावी लागतात. विन्यासाचा फोल्डर प्रत्येक मुख्य आवृत्तीस स्वतंत्र असल्याने दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर निरनिराळ्या पेट्यांतून नांदू शकतात. ज्यांचे नित्याचे काम जुन्या साधनांवर अवलंबून आहे, अशा छापखान्यांनी तूर्त तसेच करणे श्रेयस्कर आहे.